सरांच्या ताटातली अर्धी भाकरी

माणसाच्या पायाचं बोट वाचवण्याच्या आड नेमकं काय येतं, असं मला कुणी विचारलं तर मी साखर म्हणणार नाही. मी सोमवार म्हणेन. आमच्या घरात सोमवार हा वार राहिलेला नाही, ती सबब झाली आहे. ठरवलेलं काही मोडलं की ते पुन्हा सुरू करायला सोमवार लागतो, सोमवारी नेमकं कुणाच्या तरी पोराचं केळवण निघतं, मग थेट पाडव्यावर जातं. घसरायला कुठलाही दिवस चालतो, उठायला मात्र मुहूर्त लागतो.

हे मी सरांबद्दल बोलते आहे. सर म्हणजे माझे यजमान, धैर्यशील कणसे. साताऱ्यातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर कबड्डी आणि खो-खो शिकवला. गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून लग्नानंतर मीही सर म्हणायला लागले. मी वृषाली. नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. नळाच्या पाण्यात नको तो जंतू दिसला तर मी अख्ख्या पेठेचं पाणी बंद करायला लावते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते जंतूंनीच केलं आणि माझ्या नाकासमोर केलं.

सरांचा मधुमेह जुना. एकदा ते नवे बूट घालून अजिंक्यताऱ्यावर चढले आणि डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. त्यांना तो कळलाच नाही. पायाची जाणीव आधीच कमी झाली होती, आणि दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, हा तर त्यांचा मैदानावरचा जुना सिद्धांत. मोज्याला डाग दिसला तो मला, धुताना. फोडाची जखम झाली होती. ती मिटायची, पुन्हा उघडायची. साखर उतरत नव्हती, कारण सर गोळ्या घ्यायचे आणि वर मिसळही खायचे. मी वैतागायचे, ते सोमवारचा वायदा द्यायचे.

तेव्हा महामार्गाजवळच्या नव्या दवाखान्यात डॉ. केतकी यादव आली होती. लहानपणी सरांच्या हाताखाली खो-खो खेळलेली मुलगी. तिनं सरांच्या पोटात वस्ती वसवायचं सुचवलं.

वस्ती म्हणजे काय, ते तिनं मला नीट समजावलं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. ते नुसतं अन्न पचवत नाहीत, काही रसायनंही सोडतात. ती रसायनं पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेला कळतात, आणि माणसाला वाटतं की आज आपल्याला भजी खायची इच्छा झाली. इच्छा आपली वाटते, मागणी त्यांची असते. साखर खाणारे जंतू जास्त असतील तर ते साखर मागतात, आणि मिळाली की आणखी वाढतात. केतकीच्या दवाखान्यात माणसाच्या स्वतःच्याच पोटातले जंतू काढून त्यांच्यात फेरफार करायचे. हे फेरफार केलेले जंतू ज्वारी-बाजरीच्या कोंड्यावर, डाळीवर आणि पालेभाजीच्या रेषांवर वाढायचे, आणि वाढता वाढता मेंदूला समाधानाचा निरोप धाडायचे. थोडक्यात, भाकरी खाऊन पेढा खाल्ल्याचं सुख. अशी वस्ती तयार व्हायला चार-पाच महिने लागायचे, कारण ती ज्याची त्याच्यासाठीच वाढवावी लागे. ती आतड्यात राहायची आणि थोडी जिभेच्या मुळाशीही, म्हणून एका नळीत फुंकर मारली की तिची तब्येत कळायची. हिरवा दिवा लागला तर ठीक, पिवळा लागला तर डगमगली, लाल लागला तर गेली.

एक खबरदारी होती. ही वस्ती एका माणसातून दुसऱ्यात जाऊन पसरू नये म्हणून तिला एका पुडीची सवय लावलेली होती. करड्या रंगाची खुराकाची पूड, ती रोज मिळाली तरच जंतू जगणार. ज्याला पूड नाही, त्याच्या पोटात चुकून गेलेच तर दहा-पंधरा दिवसांत मरणार. पूड फक्त पेशंटच्या पेल्यात घालायची, असं तिनं बजावून सांगितलं होतं.

सर तयार झाले, वस्ती वसली आणि रोजची पूड सुरू झाली. पेल्यात घातली की त्या पुडीच्या गुठळ्या व्हायच्या. सर पेला तोंडाला लावून तोंड वाकडं करायचे आणि निम्मा तसाच ठेवायचे. मग मी ती ताक घुसळतानाच पातेल्यात टाकायला लागले, छान मिसळून जायची. त्या पातेल्यातलं ताक मीही पीत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका माणसापुरतं ताक आमच्याकडे कुणी करत नाही. दिवसभर प्रयोगशाळेत नमुना नमुन्याला लागू न देणारी मी, घरी आले की एकाच रवीनं सगळं घुसळत होते.

आता उष्ट्याबद्दल. मी काही नवऱ्याच्या पानात जेवणारी बाई नाही. आम्ही दोघं एकाच वेळी, एकाच टेबलावर, आपापल्या ताटात जेवतो आणि पहिली गरम भाकरी कुणाची यावरून भांडतोही. पण सरांना ताटात टाकायची खोड आहे. चतकोर भाकरी, दोन घास भात, पेल्याच्या तळाशी ताक. मला अन्न टाकवत नाही. माझ्या आईला टाकवत नव्हतं, तिच्या आईलाही नाही. मग ते मी संपवते. त्यात भक्ती नाही, आणि त्या क्षणी प्रेम तर मुळीच नसतं, चीड असते.

पहिले काही महिने सोन्यासारखे गेले. सर स्वतःहून बाजरीची भाकरी मागायला लागले. मेथी बघून त्यांचा चेहरा खुलायचा, ते बघून मला हसू यायचं. साखर उतरली, जखमेवर खपली धरली. याच दिवसांत माझं मात्र काहीतरी बिनसलं. मला कंदी पेढा प्राणाहून प्रिय. साताऱ्यात जन्मले, तो खरपूस वास माझ्या रक्तात आहे. मला साखर नाही, दाब नाही, रोज संध्याकाळी कामावरून येताना एक पेढा हा माझा हक्काचा आनंद होता. तो एके दिवशी तोंडात टाकला तर माती खाल्ल्यागत लागला. दुकान बदललं, तरी तेच. भाचीच्या केळवणात जिलेबी समोर आली आणि मी दोडक्याची भाजी पुन्हा मागून घेतली, तेव्हा जावा-नणंदा माझ्याकडे बघायलाच लागल्या. मी वयाला दोष दिला. पन्नाशी उलटली की बाईचं काहीही बदलतं, असं सगळ्या सांगतात, मीही मान्य केलं. पण राग यायचा. आजार यांचा आणि तोंडाची चव गेली माझी, हा कुठला न्याय?

साधारण त्याच सुमारास सरांचा विश्वतेज नावाचा जुना विद्यार्थी राज्याच्या कबड्डी संघात निवडला गेला. हल्ली पंच म्हणून मैदानावर माणूस नसतो, वर कॅमेरे टांगलेले असतात आणि ते निकाल देतात. त्यांनीसुद्धा या पोराला सर्वोत्तम चढाईपटू ठरवलं, याचं सरांना फार कौतुक. पोरगा पेढे घेऊन घरी आला आणि पाया पडला. आनंदाचा पेढा नाकारायचा नसतो, हे आपल्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. सरांनी एक खाल्ला. मी समोरच होते, पण अडवलं नाही. केतकीनं आधीच सांगून ठेवलं होतं की एखाद्या पेढ्यानं वस्ती उठत नाही. पुढच्या जेवणाला भाकरी-भाजी पोटात गेली की दोन दिवसांत सगळं जागेवर येतं.

पुढच्या जेवणाला सर म्हणाले की आज तसंही बिघडलंच आहे तर पावभाजी खाऊन घेऊ, सोमवारपासून काटेकोर. सोमवारी त्यांनी भाकरी मागितली, पण अर्धीच खाल्ली. भूक नाही म्हणाले. मला वाटलं, वस्ती आणखी चांगलं काम करायला लागली, थोडक्यात पोट भरतंय. रोज अर्धी भाकरी ताटात राहायला लागली, अर्धी वाटी उसळ, अर्धा पेला ताक. मी रोज संपवत राहिले आणि मनातल्या मनात केतकीला दुवा देत राहिले. दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन नळीत फुंकायचं असायचं. सर स्पर्धांचं कारण सांगून ते टाळत होते. तेही मला खरं वाटलं, कारण निवृत्त झाले तरी ते मैदानावर जातातच.

मग माझ्या भाचीला नोकरी लागली म्हणून प्रयोगशाळेत वाटायला पेढे आणायला मी दुकानात गेले. दुकानदारानं मला बघून सहज विचारलं, "वैनी, सरांचं पाव किलो मघाशीच गेलं की. आज पाहुणं आल्याती का?"

 पेढे घेतले आणि घरी आले. सर आरामखुर्चीत पाय वर करून बसले होते. मी त्यांना उठू न देता डाव्या पायातला मोजा काढला. बोट काळपट झालं होतं आणि खपलीखालून पू येत होता. मला एकाच वेळी इतका राग आणि इतकी भीती कधी वाटली नव्हती. मी जमिनीवर तशीच बसून राहिले आणि रडले, मग त्यांना वाटेल ते बोलले.

सरांनी आधी एकच पेढा खाल्ल्याचं सांगितलं. मग दोन-चार झाले. मग मान्य केलं की त्या विश्वतेजच्या पेढ्यापासून एकही दिवस सुटलेला नाही. शेवटी ते कुरकुरत म्हणाले, "अगं, फसवायचं मनात नव्हतं. सोमवारपास्नं बंदच करणार होतो."

"कुठल्या सोमवारपासून?"

 मैदानावर पोरांना वेळेबद्दल बोल लावणारा माणूस आपल्या पायाकडे बघत राहिला, आणि माझ्या रागाला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सरांनी नळीत फुंकर मारली आणि लाल दिवा लागला. वस्ती गेली होती. साखरेवर वाढणारे जुने रहिवासी परत आले होते आणि आता त्यांचंच राज्य होतं, म्हणूनच पेढा सुटत नव्हता. शल्यविशारदांनी बोट बघितलं आणि तीन आठवड्यांची मुदत दिली. साखर उतरून जखम भरायला लागली तर ठीक, नाहीतर बोट काढायचं. आणि एक बोट निघालं की अशा पायात बहुतेक ते तेवढ्यावर थांबत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. सर एवढंच म्हणाले की मग गडावर जाता येणार नाही. 

मी केतकीला नवी वस्ती देण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली की देता येईल, पण पुन्हा शून्यापासून वाढवावी लागेल, चार महिने तरी. चार महिने त्या बोटाकडे नव्हते. इंजेक्शनं वाढवता येतील, ती आजच वाढवते, पण पेढे चालू राहिले तर इंजेक्शन तरी किती पुरं पडणार. आणि सरांना ती काय रागावणार? लहानपणी त्यांनीच तिला धावायला शिकवलेलं. ती नुसती कागदाची घडी करत आणि उलगडत बसली होती.

मग माझाच तोल गेला. मी तिला म्हटलं की तुमचं शास्त्रच उफराटं आहे. ज्याला साखर आहे तो पाव पाव किलो पेढे रिचवतो, आणि जिला काही नाही त्या मला पेढा मातीसारखा लागतो. केळवणात जिलेबी सोडून दोडका खाते, संध्याकाळी ज्वारीच्या भाकरीची आठवण येते. यांच्या खाण्यापायी माझं आयुष्य बेचव झालं, त्याची दाद कुणाकडे मागायची?

केतकीच्या हातातली घडी थांबली. हे कधीपासून, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं की खुराकाची पूड मी कशी देते. मी ताकाचं सांगायला लागले आणि अर्ध्यावर माझं मलाच कळलं. माझा चेहरा उतरला. तिनं नळी माझ्या हातात दिली. मी फुंकलं. असा हिरवागार दिवा त्या नळीत सरांच्या फुंकरीनंही कधी लागला नव्हता.

सरांची वस्ती माझ्यात होती. त्यांच्या उष्ट्यातून आली आणि माझ्याच पातेल्यातल्या पुडीवर जगली. मग ते रोज ताटात अर्धी भाकरी टाकत गेले, मी ती संपवत गेले. त्यांच्यातली मरत गेली, माझ्यातली वाढत गेली.

केतकीला आता घाई झाली. रीतसर करायचं तर माझ्यातून जंतू काढून, शुद्ध करून सरांना देता येतील, पण त्याला समितीची परवानगी लागते आणि समिती दोन महिन्यांनी बसते.  मग तिनं दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"काकू, मी हे कागदावर लिहून देऊ शकत नाही. पण जंतू सरांचेच आहेत, घरचेच आहेत. जसे तुमच्याकडे आले, तसेच परत जातील."

सरांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी त्यांना सरळ शब्दांत सांगितलं की आजपासून तुम्ही माझं उष्टं खायचं. सर आधी हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले. त्यांनी विचारलं की दुसरा काही इलाज नाही का. ते वाईट मनाचे नाहीत. स्वयंपाकघरात कधी भांडी घासायलाही लाजले नाहीत. पण बायकोच्या ताटातलं उरलेलं खायचं, ही गोष्ट त्यांच्या कल्पनेत कधी बसलीच नव्हती. माझ्या कल्पनेत त्यांचं उष्टं खाणं मात्र इतकी वर्षं बसलेलं होतं, याचा मला त्याच वेळी पुन्हा राग आला.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या केल्या, पालकाची पातळ भाजी केली, ताक केलं. सरांनी आपलं ताट घेतलंच नाही, पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखे समोर येऊन वाट बघत बसले. मी जेवले. दिवसभराची भूक, डोक्यात शंभर विचार. भाकरी संपली, भाजी संपली, शेवटच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली आणि ताक पिऊन पेला खाली ठेवला. मग वर बघितलं तर सर माझ्या रिकाम्या ताटाकडे बघत होते.

"तू काहीच ठेवत नाहीस?" त्यांनी विचारलं.

मी विसरले होते. ताटात काही ठेवायची मला सवयच नव्हती. मी नेहमी वाढून घेताना हात आखडूनच घेते, त्यांचं उरणार हे धरून. इतक्या वर्षांत माझ्या ताटात एक शीतही उरलेलं नाही, आणि हे त्यांनी कधी बघितलेलं नाही. मी रागानं उठले, आणखी एक भाकरी थापली, गरम गरम ताटात घेतली, दोन घास खाल्ले आणि उरलेली त्यांच्यापुढे ढकलली. ताकाचा पेला निम्मा प्याले आणि तोही ढकलला. सरांनी भाकरी उचलली. क्षणभर तशीच हातात धरली, मग भाजीत बुडवून खाल्ली. दुसरा घास घेताना त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं नाही, माझं ताकच पुढे केलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. त्यांच्यातले साखरवाले जंतू सहजासहजी जागा सोडत नव्हते. दुपारी चार वाजले की सरांचा जीव कासावीस व्हायचा, ते माझ्यावर खेकसायचे. मी दुप्पट खेकसायचे. त्यांनी दुकानाच्या रस्त्यानं जाऊ नये म्हणून मी रजा टाकली, त्याचाही राग सगळा त्यांच्यावरच काढला. मुद्दाम ताटात ठेवणं मला फार जड जायचं. भूक असताना ताट पुढे सरकवायचं, म्हणजे काय असतं ते सरांना कधी कळलं नसेल, कारण त्यांनी भूक नसताना सरकवलेलं आहे. पण ते शेवटच्या कणापर्यंत संपवायचे. वाटी पुसून घ्यायचे, अगदी माझ्यासारखी.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर एकदा मी दुधीची भाजी टाकली आणि सर आपणहून स्वयंपाकघरात येऊन वास घेत उभे राहिले. त्या दिवशी मला रडू आलं. दवाखान्यात पिवळा दिवा लागला. मग हिरवा. शल्यविशारदांनी आधी एक आठवडा वाढवला, मग आणखी एक, आणि शेवटी ते म्हणाले की आता माझं काम नाही. बोट राहिलं. थोडं वाकडं आहे, नख उगवलं ते जाड आणि पिवळट, पण आपल्या जागेवर आहे.

मग प्रश्न माझा उरला. केतकीनं सांगितलं की मी माझं ताक वेगळं केलं आणि पूड बंद केली तर माझ्यातली वस्ती पंधरा दिवसांत जाईल. पेढा पुन्हा पेढ्यासारखा लागेल. फक्त, ती जरा चाचरत म्हणाली, सर पुन्हा मोठे घसरले तर परत आणायला कुठं काही उरणार नाही.

मला हे ऐकून इतका वैताग आला की मी तिला नमस्कारही न करता निघाले. म्हणजे मी आता आयुष्यभर यांची साठवणीची कणगी. यांनी सांडायचं आणि मी जपून ठेवायचं. घरी आले आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात पूड घातली, तेच ताक प्याले. पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हता. असे कित्येक दिवस गेले. रवी फिरवताना मी पुटपुटायचे आणि सर ते ऐकायचे.

मग एकदा विश्वतेजच्या संघानं कुठलीशी स्पर्धा जिंकली आणि पोरगं पुन्हा पेढे घेऊन हजर. सरांनी एक खाल्ला. मी ओट्याजवळ उभी होते. मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता सोमवार निघतो म्हणून. पोरगा गेला. सर हात धुऊन आले आणि टेबलाशी बसले.

"भाकरी वाढ," म्हणाले.

त्या दिवशी गुरुवार होता.

भाकरी पूर्ण खाऊन, ताट स्वच्छ करून ते म्हणाले, "उद्यापास्नं तुझं ताक निराळं कर. पूड मला माझ्या पेल्यात दे, गुठळ्या असू देत."

"आणि पुन्हा घसरलात तर?"

"घसरणार की. चढाईत बाद झालेला गडी घरी जातो व्हय? बाकावर बसायचं, आपल्यातल्या कुणी समोरचा मारला की पुन्हा आत यायचं. पोरांना तीस वर्षं हेच शिकवलं."

मग एवढी वर्षं हे ज्ञान कुठं ठेवलं होतं, असं मी विचारलं. दुसऱ्या दिवशी ते गुठळ्यांचं ताक तोंड वाकडं न करता सगळं प्याले. मी माझं वेगळ्या पातेल्यात घुसळलं. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. तरीही घुसळलं.

काही दिवस गेले. एका संध्याकाळी सर गडावरून परत आले आणि बूट न काढताच माझ्यासमोर एक कागदाची पुडी ठेवली. आत एकच पेढा होता. दुकानातून घरापर्यंत त्यांनी तो खिशात आणला होता, मंगळवार तळ्याला वळसा घालून. मी विचारलं की एकच का.

"दोन घेतलं असतं तर एक वाटंतच गेला असता," सर म्हणाले.

मी पेढा ताटलीत ठेवला. वास आधी आला, भाजलेल्या खव्याचा, वेलदोड्याचा. मग तोंडात टाकला आणि डोळे मिटले. तो पेढाच होता. मी सावकाश खाल्ला, अगदी सावकाश. सर समोर बसून बघत होते, आणि सवयीनं त्यांचा हात माझ्या ताटलीकडे आला.

ताटलीत काही नव्हतं. बोटानं शेवटचा कण टिपून मी ती उचलली आणि धुवायला टाकली.